हद्दीवरचा नळ

रविवार, ११ ऑक्टोबर २०२०. वेळ सकाळी अकरा. ठिकाण : बी ब्लॉकमागची सायकल शेड, सँडीफोर्ड, डब्लिन. उपस्थित : अध्यक्ष, मी, तळमजल्यावरचे नोएल (निवृत्त बसचालक), सी ब्लॉकमधली ऋता (नागपूरची, इथे पीएचडी करणारी). अनुपस्थित : कोणी नाही. गणपूर्ती झाल्याने सभेस सुरुवात झाली.

हे वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. वही निळ्या पुठ्ठ्याची, हस्ताक्षर माझं. त्या दिवशीच्या सभेपर्यंत येण्याआधी अध्यक्ष कोण होते ते सांगते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मंजिरी राहते. तिचे वडील फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. वय चौऱ्याहत्तर. महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला, जिथे जंगल संपून नदीपलीकडे दुसरं राज्य सुरू होतं, तिथल्या एका नव्या शहराचे ते पहिले नगराध्यक्ष होते. आधी तिथे कोळशाची खाण आली, मग खाणीमागे माणसं आली, आणि नगरपालिका सगळ्यांत शेवटी. पहिलं वर्षभर कार्यालय नव्हतं. ट्रकच्या वजनकाट्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये सभा व्हायच्या. रस्त्यांना नावं नव्हती म्हणून पोस्टमन पत्रं परत पाठवायचा. तेव्हा यांनी ठराव केला, की रस्ता करताना जे झाड तोडलं त्याचं नाव त्या रस्त्याला द्यायचं. मोह रस्ता, ऐन रस्ता, बेहडा गल्ली. आमच्या ब्लॉकांच्या पाट्यांवर ए, बी, सीच्या खाली बर्च, आल्डर, रोवन अशी झाडांची नावं आहेत. ती वाचून ते म्हणाले, "इथंही तोडली वाटते झाडं."

त्यांची माझी ओळख बाल्कनीतून झाली. एप्रिलमध्ये सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेरच पडायचं नव्हतं. मंजिरी दिवसभर कॉलवर. इमारतीतल्या वयस्कर लोकांना सामान आणून द्यायची एक यादी मी केली होती. कोणाला काय लागतं, कोणाला औषध, कोणाच्या दाराशी ठेवायचं. खाली उभी राहून मी नावांवर खुणा करत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"बाई, ही यादी कोणत्या ठरावानं केली?"

"ठराव नाही काका, एक्सेल आहे."

"दाखवा." मी प्रिंट उंच धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग खाली आणला. "यादी बेकायदेशीर आहे," ते म्हणाले. "पण सुबक आहे. तुम्ही आमच्या मुख्याधिकारी."

मी हसले आणि पुढच्या दाराकडे गेले. मला तेव्हा वाटलं होतं की म्हातारा माणूस कंटाळला आहे, बोलायला कोणीतरी हवं आहे. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. तिच्यात माझ्या नेमणुकीचं पत्र होतं, तारीख आणि जावक क्रमांकासकट. पन्नाशीच्या आसपास नोकरी, घर, पुण्यातल्या आईचे फोन एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईला आणखी एक पद नको असतं. पण पत्र नीट लिहिलेलं होतं. नीट लिहिलेल्या कागदापुढे माझं काही चालत नाही.

मे महिन्यात त्यांना बाहेर पडायची मुभा मिळाली, पाच किलोमीटरच्या आत. त्यांनी माझ्याकडून नकाशा छापून घेतला, त्यावर मंजिरीच्या मुलीच्या कंपासनं वर्तुळ काढलं आणि त्याला 'आपली हद्द' म्हणायला लागले. आम्ही सगळे त्या दिवसांत वर्तुळाच्या आत काय काय येतं ते बघायचो. दुकान येतं का, समुद्र येतो का. ते रेषेवर बोट फिरवत बसायचे. "या रेषेला लागून बाहेर कोणाचं घर आहे का, मॅडम?"

"असतील बरीच."

"त्यांचं काय?"

"त्यांचं त्यांचं वर्तुळ असेल की, काका."

ते पुन्हा रेषेवर बोट फिरवायला लागले. मला तो विक्षिप्तपणाचाच एक भाग वाटला.

विक्षिप्तपणाला तोटा नव्हता. रोज सकाळी साडेसातला हात पाठीमागे बांधून फेरी. आधी गटारांच्या जाळ्या बघायच्या, माणसांकडे नंतर. "गटार पाहिल्याबिगर शहर कळत नाही," असं ते म्हणायचे. कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडून बघायचे आणि चुकीच्या डब्यात टाकलेली बाटली काढून मालक शोधायचे. नोएलची ओळख अशीच झाली. बाटल्या त्याच्याच होत्या. "युअर मॅन इज राइट," नोएल म्हणाला आणि बाटल्या उचलून घेऊन गेला. तेव्हापासून तो त्यांना लॉर्ड मेयर म्हणायला लागला, आणि अध्यक्ष ते अगदी साधेपणानं स्वीकारायचे, जणू तेवढं पद रिकामंच होतं.

जूनपासून सायकल शेडमध्ये महिन्यातून एकदा सभा सुरू झाली. चार सदस्य, दोन-दोन मीटरवर चार घडीच्या खुर्च्या, देवघरातली छोटी पितळी घंटा. गणपूर्ती तिघांची. मंजिरीला सदस्य करायला त्यांनी साफ नकार दिला. "घराणेशाही नको जी," एवढंच. मंजिरी मला म्हणाली, "बाबांना घरी बसायला लावणं तुला जमलं नाही, निदान सभेत तरी बसव. मला दोन तास शांतता." नोएलला मराठी येत नव्हतं. मी किंवा ऋता सांगायचो आणि तो प्रत्येक विषयाला "ग्रँड" म्हणायचा, म्हणजे इथल्या बोलीत 'छान, चालेल'. वहीत मला तसंच लिहावं लागे : सदस्य क्र. ३ यांनी 'ग्रँड' असे मत दिले.

प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ज्यांनी नगरपालिका जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सभेत जे बोललं जातं ते लिहून घेतात, पण नुसतं लिहिल्यानं ते पक्कं होत नाही. पुढच्या सभेत ते सगळ्यांसमोर वाचतात, बरोबर आहे असं सगळे म्हणतात, आणि त्या सभेचा जो अध्यक्ष असेल तो सही करतो. तेव्हा ते कायम होतं. मधल्या महिन्यात ते अधांतरी असतं. ऋता एकदा म्हणाली, "अहो काका, चार तर लोकं आहोत. लगेच सही करून टाका ना बाप्पा!"

"माणूस आज बोलते ते रागात बोलते, नाही तर डोळे भरून आले म्हणून बोलते," ते म्हणाले. "महिन्यानं त्याच्यासमोर वाचून दाखवा. तेव्हाही होय म्हणाला, तर ते त्याचं बोलणं."

मला हे पटलं होतं. नोकरीत मीही तेच करते. मीटिंग झाली की नोट्स, नोट्सवर सगळ्यांचा होकार. ते माझ्यासारखेच आहेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शेडच्या भिंतीला बाहेरून एक नळ आहे. तो गळायचा. आम्हाला कोणाला तो दिसलाच नव्हता. त्यांना रात्रंदिवस तोच ऐकू यायचा. देखभाल बघणाऱ्या कचेरीला त्यांनी माझ्याकरवी सहा मेल धाडले. उत्तरं आली, माणूस आला नाही. शेवटी ऑगस्टच्या एका सकाळी नोएलनं पाना आणून वायसर बदलला. दहा मिनिटांचं काम. पुढच्या सभेत अध्यक्षांनी त्याचा सत्कार केला. शाल म्हणून मंजिरीचा लोकरी स्कार्फ. नारळ मिळाला नाही म्हणून एक मोठा कोबी. नोएल कोबी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याची बायको वारून वर्ष झालं होतं आणि मार्चपासून त्याला कोणी हातही लावला नव्हता. स्कार्फ खांद्यावर पडला तेव्हा त्याचा चेहरा बघवेना.

त्याच भरात अध्यक्षांनी ती गोष्ट सांगितली. तोवर मी ती चारदा तरी ऐकली होती. शहराच्या हद्दीवर नाला होता. नाल्यापलीकडे वस्ती होती, रस्त्याच्या कामाला आणलेल्या मजुरांची, पण ती हद्दीबाहेर, नगरपालिका तिथे पाणी देऊ शकत नव्हती. तर यांनी शहराचा शेवटचा नळ मुद्दाम नाल्याच्या काठावर बसवला, पलीकडच्या बायांना हंडे भरता यावेत म्हणून. कायदा मोडला नाही, आणि पाणीही दिलं. मी इंग्रजीत सांगितल्यावर नोएल म्हणाला, "फेअर प्ले टू यू, लॉर्ड मेयर." अध्यक्षांनी मान डोलावली. पण नेहमी ही गोष्ट संपली की ते आमच्याकडे आळीपाळीनं बघायचे, तसे त्या दिवशी बघितले नाहीत.

आता ११ ऑक्टोबर.

आदल्या आठवड्यात त्यांना गावाकडून फोन आला होता. शेवंता नावाच्या बाईचा. अंगणवाडीत काम करते. तिची आई रुक्माबाई त्या वस्तीतली. दर महिन्याला नगराध्यक्षांच्या टेबलावर रिकामा हंडा आणून ठेवायची, एक शब्द न बोलता उभी राहायची आणि निघून जायची. रुक्माबाई आता नाही. वस्ती आहे. पुढे केव्हातरी ती शहरात घेतली गेली, पण सरकारदप्तरी तिची नोंद तेव्हापासूनचीच. आधीचा कागद नाही म्हणून घरं अतिक्रमणात धरली आहेत. चाळीस घरांना नोटिसा आल्या आहेत. सुनावणी व्हायची आहे. शहर झालं तेव्हा वस्ती तिथे होती, एवढं कोणीतरी लिहून द्यायला हवं. त्या वेळचं आता कोण उरलं आहे? साहेब उरले आहेत.

"मग द्या ना लिहून," ऋता म्हणाली. "त्यात काय एवढं?"

अध्यक्ष उभे राहिले. सभेत बोलताना ते नेहमी उभे राहायचे.

"मोजणीदारानं पहिला नकाशा आणला, त्यात वस्ती आत होती," ते म्हणाले. "मी पाहिला तो नकाशा. या डोळ्यांनी पाहिला. पहिली निवडणूक तीन महिन्यांवर होती, मी उभा होतो. ती मतं मला पडणार नव्हती, कारण त्यांची मजुरी बुडवणारा ठेकेदार माझा मेव्हणा होता. मी मोजणीदाराला म्हटलं, रेषा नाल्याच्या अलीकडून घ्या. नैसर्गिक हद्द बरी दिसते. त्यानं घेतली. मी निवडून आलो."

लुआस, म्हणजे इथली ट्राम, स्टेशनात शिरल्याची घंटा ऐकू आली.

"आणि नळ?" मी विचारलं.

"रुक्माबाई टेबलावर हंडा ठेवायची ना. तिनं यायचं बंद करावं म्हणून बसवला नळ. आली नाही मग. मी सगळ्यांना सांगत गेलो, पाहा, हद्दीवर नळ दिला. सांगून सांगून मलेही खरं वाटाले लागलं. त्यांच्याजवळ कागद नाही म्हणतात. कुठून राहील? कागद मीच होऊ दिला नाही."

मी नोएलला सगळं सांगितलं. या वेळी तो ग्रँड म्हणाला नाही. त्यानं विचारलं, आत्ताच लिहून त्यावर सही का नाही करत? मी साक्षीदार म्हणून करतो, हे बघ पेन.

अध्यक्ष म्हणाले, नाही. पुढच्या सभेत वाचा. इतिवृत्त कायम होऊ द्या. मग मी सही करीन, शिक्का मारीन, शेवंताला पाठवू. "आज मी रडवेला झालो आहे. रडव्या माणसाची सही घेऊ नका. उद्या कोणी म्हणेल, म्हातारा परदेशात एकटा पडला, डोकं फिरलं."

नोएलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, प्रोसीजर इज प्रोसीजर. हे मी म्हणाले. तेव्हा आग्रह धरला असता तर त्यांनी सही केली असती, असं ऋताला वाटतं. मलाही वाटतं.

ऑक्टोबर संपता संपता नियम पुन्हा कडक झाले. दोनपेक्षा जास्त घरांतल्या माणसांनी एकत्र भेटायचं नाही. नोव्हेंबरच्या सभेला ते आणि मी एवढेच. त्यांनी घंटा वाजवली, मनगटावरच्या घड्याळात अर्धा तास मोजला आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली. खुर्ची मिटताना म्हणाले, "तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मॅडम. पुढच्या रविवारी बसू. दोघं पुरे. एकही पुरे."

पुढच्या रविवारी आमच्या प्रॉडक्टचं रिलीज होतं. मी मेसेज केला, एक आठवडा पुढे घेऊ या का? उत्तर आलं : अध्यक्षांची हरकत नाही. त्यापुढच्या रविवारी पुण्याला आई घसरून पडली, मी दिवसभर फोनवर. मग पाऊस. मग ख्रिसमस. माझ्या यादीत ती ओळ चार वेळा पुढच्या पानावर गेली. माझ्या यादीत कामं राहत नाहीत अशी माझी ख्याती आहे. ती राहत नाहीत, कारण मी ती पुढच्या पानावर नेते.

जानेवारीत त्यांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स. दवाखान्यात कोणाला जाऊ देत नव्हते. नर्स फोन कानाशी धरायची आणि मंजिरी बोलायची. एकदा मंजिरी मला सांगत होती, रडत आणि हसत, "बाबा बरळायला लागलेत गं. म्हणाले, मॅडमना विचार, सभा कधी आहे. मी म्हटलं, बाबा, बरे व्हा, मग सभा."

मी तिला काही सांगितलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

अंत्यविधीला दहा माणसांनाच परवानगी होती. दहा जणांची यादी मी केली. दहावं नाव नोएलचं. तो बस कंपनीचा जुना कोट घालून आला, इस्त्री केलेला, आणि खांद्यावर मंजिरीचा तो स्कार्फ.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळंच आहे. मंजिरी पुढच्या महिन्यात अस्थी घेऊन गावी जाते आहे. तिकडे नव्या पाण्याच्या टाकीला त्यांचं नाव द्यायचं चाललं आहे. छोटा कार्यक्रम आहे, स्मरणिका निघणार आहे. मंजिरी परवा कॉफीला आली आणि म्हणाली, "दोन पानं लिहून दे ना. तुला सगळं तारीखवार आठवतं. आणि हद्दीवरच्या नळाची गोष्ट नक्की घे हं, बाबांचं सगळं त्यात येतं."

"येतं," मी म्हणाले.

तिला वही माहीत आहे. तिच्या मते ती बाबांचा लॉकडाऊनमधला खेळ. "ती वही मला देशील? गावी आईला दाखवीन." मी म्हणाले, शोधते. शोधायचं काही नाही. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथले लोक कपाटाला म्हणतात त्या प्रेसमध्ये, पोह्यांच्या डब्यामागे उभी आहे. घंटाही तिथेच आहे.

मंजिरी वही वाचेल तर तिचे वडील तिच्या हातून जातील. गेल्या जानेवारीत अर्धे गेले, ते उरलेले. आणि मला हेही सांगावं लागेल, की ते बरळत नव्हते. सभा कधी आहे हे ते शुद्धीत विचारत होते, आणि उत्तर मी अडवून धरलं होतं.

दुसऱ्या बाजूला शेवंता आहे. साहेबांनी तिला माझा नंबर दिला होता, 'आमच्या मुख्याधिकारी' म्हणून. साहेब गेल्याचं कळल्यावर तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग दोन महिने काही नाही. मग एक ओळ : मॅडम, साहेबांचा कागद कुठवर आला? सुनावणी साथीमुळे पुढे गेली आहे, अजून व्हायची आहे. मागच्या सोमवारी पुन्हा : मॅडम, झालं का? मी वाचलं आहे हे तिला दिसतं. दोन निळ्या खुणा.

त्यांची सही नसलेल्या कागदाला किती किंमत, मला माहीत नाही. वकील म्हणेल थोडी. पण त्यांचाच नियम सांगतो, की इतिवृत्तावर सही पुढच्या सभेच्या अध्यक्षाची लागते, बोलणाऱ्याची नाही. ऐकणारे तिघं जिवंत आहेत. ऋता गॉलवेला नोकरीला लागली. ती म्हणते, हाक मार, मी बसनं येते. नोएल दर रविवारी अकराला शेडमध्ये येऊन उभा राहतो. आता भेटायला बंदी राहिलेली नाही. परवा तो म्हणाला, "स्टिल ॲडजर्न्ड, इज इट?" मी म्हणाले, "स्टिल ॲडजर्न्ड." तो नळाकडे बघत राहिला. नळ पुन्हा थोडा गळतो आहे.

रविवारसाठी मी पान आखून ठेवलं आहे. तारीख घातली आहे. ठिकाण : सायकल शेड. उपस्थित, पुढे जागा. विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. असं पान मी मागच्या रविवारसाठीही आखलं होतं, आणि त्याच्या मागच्याही. सूचकाचा रकाना कोरा आहे. अनुमोदकाचा कोरा आहे. अध्यक्षाच्या सहीची रेघ मी पट्टीनं मारली आहे.